वहिनीचा नेम

मी भिंतीच्या मागे पूर्ण गेले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती, उशीला टेकून मी फोन आडवा धरला होता, आणि गेममधली माझी बाई उघड्या रस्त्यावरून पळत येऊन एका घराच्या भिंतीआड शिरली होती. बंदूक भरायला बटण दाबलं, तेवढ्यात स्क्रीन लाल झाली आणि मी मेले. मारणाऱ्याचं नाव वर आलं. ती माझी भावजय होती.

मी आदिलाबादच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. वडील महसूल खात्यात पेशकार, म्हणजे दफ्तर सांभाळणारे कारकून, होते. त्यांनी शहरात घर केलं, पण जैनथकडची, पैनगंगेच्या काठची जमीन सोडली नाही. ती आता दादा पाहतो. आमच्याच कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एका उन्हाळ्यात हा गोळीबाराचा खेळ मला शिकवला, आणि हळूहळू आमचा आठ जणांचा एक ग्रुप झाला. मला धरून चार कॉलेजातले, तीन माझ्या नात्यातले, त्यात एक नागपूरचा मावसभाऊ. आठवी वहिनी. रविवारी दुपारी चार विरुद्ध चार खेळायचं, हरलेल्यांनी ग्रुपवर जिंकलेल्यांचं कौतुक लिहायचं, एवढीच शिक्षा.

वहिनीला खेळात आणलं मीच. श्रावणात ती अंगणातल्या धुण्याच्या दगडावरून घसरली आणि घोट्याचं हाड चिरलं. सहा आठवडे प्लास्टर. मी भेटायला गेले तेव्हा ती बाजेवर पाय उंच करून बसली होती, आणि तिच्या स्वयंपाकघरात शेजारची बाई भाकऱ्या थापत होती. पायापेक्षा तिला ते पाहणंच जास्त जड जात होतं. वेळ जावा म्हणून मी तिच्या फोनवर गेम टाकून दिला. हे गोल फिरवलं की माणूस चालतो, हे दाबलं की गोळी सुटते, असं दाखवलं.

"अन मले कोन मारन?" तिने विचारलं.

"सगळेच मारतील, वहिनी."

ती हसली आणि फोन हातात घेतला. आमच्या ग्रुपमध्ये आल्यावर पहिले कितीतरी रविवार ती सगळ्यांत आधी मरायची. आम्ही तिला सांभाळून घ्यायचो. सर तर तिला मुद्दाम आपल्या बाजूला घ्यायचे आणि मायेने म्हणायचे, "भाभी को पीछे रखो." दिवाळीला ती भैंशाकडे माहेरी गेली, परत आली, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आम्ही मरायला लागलो.

सरांना सवय होती, प्रत्येक डाव ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ते लॅबमध्ये आले, दार लोटलं आणि माझ्या टेबलावर फोन ठेवला.

"मॅडम, ये देखो. आप दीवार के पीछे हैं. पूरा. फिर भी गोली लगी."

मी पाहिलं. खरंच, मी भिंतीआड होते. मग त्यांनी दुसरा तुकडा दाखवला. त्यात वहिनीचा खेळाडू एका खोलीत उभा आहे, समोर कोणी नाही, आणि तो सावकाश वळून भिंतीतल्या एका रिकाम्या दाराकडे बंदूक धरून थांबतो. चार-पाच सेकंद. मग त्या दारातून मी आत येते आणि मरते.

"इसको कैसे मालूम आप आ रहे हैं?" सरांनी विचारलं. "ये नॉर्मल नहीं है."

मी म्हटलं, पाहते. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी मजाच वाटली. वर्षानुवर्षं तेच तेच धडे शिकवणाऱ्या माणसाला एक खराखुरा प्रश्न मिळाला होता. प्रश्न दोन होते. असं करणं मुळात शक्य आहे का, आणि शक्य असेल तर वहिनीने केलं आहे का.

पहिल्याचं उत्तर मला दोन-तीन दिवसांत मिळालं. असे खेळ नुसते आपल्या फोनमध्ये चालत नाहीत. दूर कुठेतरी कंपनीचा सर्व्हर असतो आणि खरा हिशेब तोच ठेवतो: कोणाकडे गोळ्या किती, कोण जिवंत, कोण मेलं. वडिलांच्या दफ्तरात असंच असायचं. अस्सल नोंद दफ्तरात, शेतकऱ्याच्या हातात नक्कल. नकलेवर कोणी आकडा वाढवला म्हणून जमीन वाढत नाही. त्यामुळे कधीच न संपणाऱ्या गोळ्या किंवा कधीच न मरणारा खेळाडू असले दावे बहुतेक खोटे असतात. तुमच्या फोनने काहीही सांगितलं तरी सर्व्हर ते मानत नाही.

पण काही गोष्टी सर्व्हरला फोनच्या हवाली कराव्याच लागतात. भिंतीमागचा माणूस पुढच्या क्षणाला बाहेर येणार असेल, तर तो तिथे आहे हे फोनला आधी माहीत हवं, नाहीतर फोन त्याला वेळेवर काढून दाखवणार कसा? त्याच्या पावलांचा आवाजही फोनलाच करायचा असतो. म्हणजे फोनला माहिती असते, फक्त तो ती खेळणाऱ्यापासून लपवतो. एखादं सॉफ्टवेअर ती लपवलेली माहिती वाचू शकलं तर भिंती उरत नाहीत. नेमाचंही तसंच. बोट तुमच्या फोनवर फिरतं, ते खरंच तुमचं बोट आहे की एखादा प्रोग्रॅम, हे सर्व्हरला दुरून दिसत नाही. कंपन्या म्हणून फोनमध्ये एक पहारेकरी बसवतात. पण तो पहारेकरी राहतो चोराच्याच घरात, त्यामुळे त्यालाही फसवता येतं. मग कंपनी त्याला शहाणा करते, मग चोर नवी वाट काढतात.

मी सरांना म्हटलं, "पॉसिबल है."

मी शक्य आहे एवढंच म्हटलं होतं. सरांनी ते केलं आहे असं ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, म्हणताना माझ्या मनातही दोन्हींत फारसं अंतर उरलं नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाला मी साधं उत्तर द्यायला हवं होतं. वहिनी दहावी शिकलेली. फोनवर ती भाव पाहते, बहिणींशी बोलते, भजनं ऐकते. असलं सॉफ्टवेअर तिला कुठून मिळणार? पण मला वाट सापडली. दिवाळीनंतर ती फोनवर मला म्हणाली होती, "भैंशाच्या दुकानात मोबाईल दाखवला, ताई. त्यानं काय केलं काय मालूम, आता लोण्यावानी चालते." तेव्हा मी हे कानाआड केलं होतं. आता तेच वाक्य दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. त्यानं काय केलं काय मालूम. दुकानदाराने काहीतरी टाकून दिलं असेल. तिला कळलं नसेल. किंवा कळलं असेल.

एका संध्याकाळी मी तिला फोन केला. पाय कसा आहे, कापूस किती वेचून झाला, असं इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सहज सुचल्यासारखं विचारलं, "वहिनी, फोनमध्ये नवीन काही टाकलं का हो?"

"काई नाई. काऊन?"

"असंच."

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं, ठेवतो. दूध उतू जाते." त्या गप्प राहण्याचा मी रात्रीच्या जेवणापर्यंत अर्थ लावत बसले होते.

संशय एका जागी बसत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. आदल्या वर्षी आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. दादा आला होता, वहिनी नाही. तिने ताप असल्याचं कळवलं होतं. दादा मात्र जेवताना कोणाला तरी म्हणाला होता की घरी पाहुणे आलेत म्हणून ती थांबली. तेव्हा ही दोन वाक्यं माझ्या मनात वेगवेगळ्या जागी पडून राहिली. आता मी ती शेजारी शेजारी मांडली. जी बाई तापाबद्दल खोटं बोलू शकते, ती खेळात का नाही? मग मला दादाचाही संशय आला. त्याला माहीत असेल का? तिच्या नावाने दुसरंच कोणी खेळत असेल का? सरांच्या रेकॉर्डिंग मी घरी मागवून घेतल्या आणि एकेक चित्र थांबवून पाहू लागले. लॅबमध्ये मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या पडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला संकोच वाटतो. मी स्वतःच एक चीट, म्हणजे भिंतीपलीकडचं दाखवणारं तसलं सॉफ्टवेअर, मिळवलं. कुठून आणि कसं हे लिहीत नाही. शोधणाऱ्याला ते सापडतं, आणि सापडू नये. स्वतःला मी सांगितलं की हा प्रयोग आहे. चीट वापरणाऱ्याचा खेळ कसा दिसतो हे कळलं तर वहिनीच्या खेळाशी ताडून पाहता येईल. ड्रॉवरमध्ये माझा जुना फोन होता. तो मी पुसून ठेवलाय अशी माझी समजूत होती. शनिवारी सकाळी आंघोळीआधीच मी तो चार्जिंगला लावून बसले.

त्या सॉफ्टवेअरने सगळं मागितलं. मेसेज वाचायची परवानगी, नंबरांची यादी, दुसऱ्या ॲपच्या वरून चित्र काढायची परवानगी. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी मुलांना सांगते की असं काही मागणारं ॲप तिथल्या तिथे काढून टाकायचं. मी एकेक करून सगळ्याला होकार दिला.

नवी आयडी काढून अनोळखी लोकांत खेळायला शिरले. आणि भिंती असून नसल्यासारख्या झाल्या. प्रत्येक घरात, प्रत्येक दगडामागे माणसांभोवती लाल चौकटी हलत होत्या. मी सहा जणांना मारलं. इतके मी आयुष्यात मारले नव्हते. लाज वाटायला हवी होती, पण कान गरम झाले होते आणि फार बरं वाटत होतं. खात्री करायची म्हणून दुसरा डाव खेळले. तिसरा कशासाठी खेळले ते मला सांगता येणार नाही.

त्या तिसऱ्या डावात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पलीकडचा माणूस दिसायला लागल्यावर मी भिंतींकडेच पाहत होते. माझी बंदूक भिंतीपलीकडच्या माणसाच्या मागे मागे सरकत होती, थांबत नव्हती. वहिनीची बंदूक तशी सरकत नव्हती. ती एका दाराकडे रोखून स्थिर थांबायची. प्रयोगाचा निकाल माझ्या समोरच होता. तो मी पाहिला आणि बाजूला सारला.

चौथा डाव सुरू होताना सूचना आली की माझी आयडी कायमची बंद केली आहे. त्या फोनवरही खेळ कायमचा बंद. आणि या फोनवर पूर्वी कधीतरी मी माझी नेहमीची आयडी वापरली होती, म्हणून तीही बंद. दोन वर्षांचा खेळ गेला. कंपनीच्या पहारेकऱ्याने वहिनीला कधी धरलं नव्हतं आणि मला पकडलं होतं, यावरूनही मला काही सुचलं नाही.

दुपारपर्यंत दुसरंच समोर आलं. जुन्या फोनला माझं मेसेजचं खातं जोडलेलं राहिलं होतं. त्या सॉफ्टवेअरने माझ्या यादीतल्या सगळ्यांना माझ्या नावाने एक लिंक पाठवली, वर हिंदीत एक ओळ: जीतना है तो ये डालो. सगळ्यांना म्हणजे प्राचार्यांना, शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या ग्रुपला, दूधवाल्याला, आमच्या रविवारच्या ग्रुपला. आणि वहिनीला. मी घाईघाईने फोन बंद केला, खातं तोडलं, कोणी उघडू नका म्हणून सगळ्यांना लिहिलं. आमच्या ग्रुपवर सरांनी फक्त एक शब्द टाकला होता. "मॅडम?"

दिवस मावळायच्या आधी वहिनीचा फोन आला.

"ताई, तुमी पाठवलं ते मी उघडलं नाई."

"उघडू नका. ते चुकून गेलंय. आपोआप."

"आपोआप कसं जाईन?"

मी समजावून सांगायला लागले, जुना फोन, जोडलेलं खातं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मले तसं नाई खेळाचं, ताई. हरली तं हरली. सांगाले फोन केला."

"वहिनी, मी ते तुम्हाला पाठवलंच नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या त्या "बरं"मध्ये विश्वास नव्हता. मी आठवडाभर जे तिच्याबद्दल करत होते, ते आता ती माझ्याबद्दल करत होती, आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा चांगला पुरावा होता.

सोमवारी सर लॅबमध्ये आले. दार त्यांनी उघडंच ठेवलं. मी प्रयोगाचं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि खिशातून फोन काढून अतिशय नम्रपणे विचारलं, "मॅडम, पिछले महीने आपने छत से दो को मारा था ना. वो कैसे?" त्यांनी माझ्या जुन्या डावांच्या रेकॉर्डिंग काढून पाहिल्या होत्या. तो नेम मी माझ्याच हाताने धरला होता, आणि आठवडाभर मी त्याच्या तोऱ्यात होते. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. काय म्हणणार? म्हटलं, "लग गया, सर." ते म्हणाले, "हाँ हाँ. मैं मानता हूँ," आणि फोन पुन्हा खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. जैनथपर्यंत बस, पुढे ऑटो. दादा शेतात होता. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग आढ्याला टेकला होता आणि घरभर कोमट, धुळकट वास होता. वहिनी अजून किंचित लंगडत होती. तिने ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. पायाचं विचारलं, तिने सांगितलं. माझ्या तब्येतीचं तिने विचारलं, मी सांगितलं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "तुमचा टाइम झाला ना खेळाचा."

"माझी आयडी बंद झाली. तुम्ही खेळा, मी पाहते."

ती गोठ्याच्या कोपऱ्याशी जाऊन बसली. घरात गेम चालण्याइतकी रेंज येत नाही, तिथेच येते; प्लास्टरच्या दिवसांत तिची बाजही खेळायच्या वेळी तिथेच टाकायचे. तिथे एक उलटी बादली ठेवलेली होती, तिची जागा. मी मागे खाटेवर बसले. मला तिचा फोन दिसत होता. अजून डाव सुरू व्हायचा होता, तेवढ्यात वर एक मेसेज आला, महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा तेलंगणाचा. पलीकडचा टॉवर पैनगंगेच्या त्या काठावर आहे, अलीकडचा लांब. तिचा फोन बादलीवर बसल्या बसल्या राज्य बदलत होता, आणि प्रत्येक वेळी चित्र अडखळत होतं.

डाव सुरू झाला. मी पाहत राहिले. चित्र अडखळलं की ती हलायचीच नाही. मी कारण विचारलं.

"पळलं तं मांगं ओढते," ती म्हणाली. "मंग मी बसूनच राह्यतो एका जागी."

थोड्या वेळाने तिच्या फोनवर एक माणूस उघड्यावरून पळताना दिसला. भिंत अजून त्याच्यापासून दोन पावलं होती. तिने गोळी झाडली, तो पडला. तिने इअरफोन एका कानातून काढला होता, म्हणून त्यातून येणारा सरांचा आवाज मलाही ऐकू आला. "अरे, दीवार के पीछे था मैं!"

तो भिंतीमागे नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तिच्या फोनवर नव्हता. सरांच्या फोनवर तो केव्हाच भिंतीआड पोचला होता. तिच्याकडे चित्र उशिरा येत होतं, आणि सर्व्हर गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते मागे जाऊन तपासतो आणि तेच खरं धरतो. नेटवर्क वाईट असलेल्यावर अन्याय नको म्हणून खेळ बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते. नेटवर्कच्या उशिराचा धडा मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर दोन फोन आणि मध्ये सर्व्हर असं चित्र काढते. बाजेवर पाय उंच करून बसलेली वहिनी आणि नदीपलीकडचा टॉवर त्या चित्रात बसवायचं मला सुचलं नव्हतं.

दोन डावांच्या मध्ये मी विचारलं, "वहिनी, मी येणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

"तुमी दर डावाले त्याच पिवळ्या घरात जाता, ताई. मांगच्या दारानं." मग तिने एकेकाचं सांगितलं. सर बंदूक भरताना नेहमी डावीकडे सरकतात. मावसभाऊ एकाला मारलं की तिथेच नाचतो. "अन पळता तवा पावलं वाजते. कानात घातलं की समजते."

"हे सगळं कधी पाहिलं तुम्ही?"

"सुरवातीले मी लवकर मरत होती ना. मेल्यावर डाव संपेतोवर बाकीच्याइले पाहाले भेटते. सहा आठवडे पाय वर करून मी दुसरं काय केलं? तुमालेच पाह्यलं."

भैंशाच्या दुकानदाराने बॅटरी बदलली होती आणि फोन भरला होता म्हणून जुने व्हिडिओ काढून टाकले होते. त्याआधी ऐन वेळी फोन गोठायचा. एवढंच होतं. व्हिडिओ तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचे होते, ते गेल्याचं तिला वाईट वाटत होतं.

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. "तुमाले वाटलं मी चोरी करून राह्यली."

"हो."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"अन इचारलं नाई."

"विचारलं होतं. फोनमध्ये काही टाकलं का म्हणून."

"ते इचारणं नव्हतं, ताई," ती म्हणाली. "ते तपासणं होतं."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण इतकं उघड झालंच होतं, म्हणून मी तेही विचारून टाकलं. "वास्तुशांतीला तुम्हाला खरंच ताप होता का?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. गोठ्यात बैल शेपटीने माशा उडवत होता, तिकडे पाहिलं. "नव्हता," ती म्हणाली. "त्याच्या आंदी तुमच्या घरी हळदीकुंकू होतं. तुमच्या कॉलेजातल्या बाया आल्या होत्या. मी बाहेर येऊन बसली, तं तुमी म्हनलं, वहिनी, तुमी आत बसा, आराम करा. मी काई थकली नव्हती."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण मी तसं म्हणाले नसेन असं मला वाटलं नाही. खेळाबद्दलचा माझा संशय चुकला होता आणि तापाबद्दलचा बरोबर निघाला होता, आणि दोन्हीकडे कारण मीच होते. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "होते," आणि ग्रुपमधून पुढच्या डावाचं बोलावणं आलं म्हणून फोन उचलला.

त्या डावाला माझी जागा रिकामी होती. मावसभावाने त्याच्या ओळखीचं कोणीतरी आणलं होतं, आमच्यापैकी कोणालाच माहीत नसलेलं. वहिनीचे इअरफोन गळ्यात लोंबत होते, माझ्याशी बोलताना तिने दोन्ही काढले होते. आवाज येण्याची सोय नव्हती. खेळता खेळता ती मध्येच सावकाश वळली, एका कोऱ्या भिंतीच्या टोकाशी बंदूक धरून थांबली, आणि तो नवा माणूस तिथून बाहेर आला. तिने मारलं.

संध्याकाळच्या बसने परत आले. ग्रुपवर मी सगळं लिहिलं, टॉवरचं, उशिराचं, पिवळ्या घराचं, माझ्या प्रयोगाचं. मावसभावाने पिवळ्या घरावरून माझी थट्टा केली. सरांनी लिहिलं की समजलं, पण यापुढे प्रत्येकाने दुसऱ्या फोनने आपल्या हातांचं चित्रण करावं, म्हणजे प्रश्नच नको. भाभींनीही. वहिनीने ते वाचल्याची खूण दिसली. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमधून निघून गेली. दादाकडून कळलं की ती आता नदीपलीकडच्या गावांतल्या चार बायकांबरोबर खेळते, त्यांचा टॉवर एकच आहे.

माझी आयडी परत मिळाली नाही. मी कंपनीला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा एकच ठरलेलं उत्तर आलं. नवी काढली आहे, तळापासून सुरुवात. हातांच्या चित्रणाच्या अटीने आणखी दोघं गळले, रविवारी आता आम्ही पाचच जण असतो. सर रेकॉर्ड करतात, आणि मला माहीत आहे की ते आता कोणाचा खेळ थांबवून थांबवून पाहतात. मी दुसरा फोन पुस्तकांच्या चवडीवर उभा करून माझ्या हातांवर रोखते, तरीही.

वहिनीच्या त्या शेवटच्या वळण्याची साधी कारणं मला देता येतात. नकाशावर ठिपका दिसला असेल. सोबतच्याने खूण केली असेल. तिथून कोणीतरी येतंच, हे तिला ठाऊक असेल. नुसता योग असेल. बहुतेक यातलंच काहीतरी असेल. मी तिला विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. दादाला फोन लावला की मी म्हणते, वहिनीला दे. आम्ही कापसाचं बोलतो, तिच्या पायाचं, तिच्या बहिणीचं. संक्रांतीला ती आली, बाहेर सगळ्यांत बसली, माझ्या मैत्रिणींना तिने तीळ दिले. मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा फोन मध्ये पालथा पडलेला होता, आणि मी त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून बसले होते.